मोठ्या वेकसाठी बोट कोणती घ्यावी, आणि वजन किती, कुठे टाकावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळ राहता. मुलगा १५ वर्षांचा, मुलगी १२ वर्षांची. दोघंही लेक ट्रॅव्हिस या तळ्यावर वेकबोर्ड करतात, म्हणजे पाय फळीवर बांधून बोटीच्या दोरीमागे पाण्यावरून जातात, आणि आता वेकवरून, म्हणजे बोटीमागे उठणाऱ्या लाटेवरून, उड्या मारायला लागली आहेत. घरात १९ फुटी स्टर्नड्राइव्ह बो-रायडर आहे: इंजिन आत मागे, प्रॉपेलर बोटीच्या मागे बाहेर आणि नाळेत, म्हणजे पुढच्या टोकात, बसायची जागा. मुलांना मोठी वेक हवी आहे. बोट खोल बसावी म्हणून याच बोटीत वजनासाठी पाण्याच्या पिशव्या भरून भागेल, की ३५,००० डॉलरच्या आत जुनी वेकबोट, म्हणजे खास मोठ्या लाटेसाठी बनवलेली बोट, बघावी? आणि घेतलीच, तर किती पौंड वजन कुठे ठेवायचं?

आधी मुलांना नेमकं काय हवंय ते बघू. त्यांना वर जायचंय. बोटीमागची लाट उंच असली की आपोआप वर जाता येतं असं वाटतं, पण तसं होत नाही. गुडघ्याएवढी लाट पायथ्यापासून माथ्यापर्यंत घट्ट असेल, तर बोर्ड तिच्या माथ्यावरून चांगला सुटतो. कमरेएवढ्या लाटेचा माथा फेसाळून ढासळत असेल, तर बोर्ड त्या फेसात रुततो, उडी निम्मी होते आणि पुढची कड अडकून मूल तोंडावर आपटतं. म्हणून खरा प्रश्न असा आहे: तुमच्या मुलांच्या वेगाला आणि दोरीच्या लांबीला घट्ट राहील अशी लाट किती मोठी करता येईल?

याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू होत नाही. बोटीचं बूड, बोटीत बसलेली माणसं, पाण्याची खोली, प्रॉपेलर, यातलं एक बदललं तरी आकडे बदलतात. खाली दिलेले पौंड सुरुवातीचे समजा. शेवटचा आकडा पाण्यावरच ठरेल.

आता तुमच्या सध्याच्या बोटीचं. तिच्यात फार काही होणार नाही. बोट २० फुटांपेक्षा लहान असल्याने अमेरिकी कायद्याप्रमाणे तिच्यावर क्षमतेची पाटी असणारच: इतकी माणसं किंवा इतके पौंड. पाण्याच्या पिशवीचं वजनही त्याच पौंडांत मोजायचं. समजा पाटीवर १,२०० पौंड लिहिलेत आणि तुम्ही चौघं, सामान, बर्फाची पेटी मिळून ७५० झालात, तर उरले ४५०. म्हणजे ४०० पौंडांची एक पिशवी, बस. ती मागच्या सीटवर ठेवू नका. स्टर्नड्राइव्हचं इंजिन आधीच अगदी मागे असतं, त्यात मागे भर घातली की नाळ आकाशाकडे जाते आणि बोट पाण्यावर चढायलाच तयार होत नाही. पिशवी मधल्या वाटेत, मागच्या सीटच्या पुढे, लांबीच्या दिशेने ठेवा. ड्राइव्ह (प्रॉपेलर असलेला मागचा भाग) पूर्ण खाली ट्रिम करून, म्हणजे झुकवून, सुरू करा आणि वेग धरला की थोडाथोडा वर घेऊन लाट स्वच्छ कुठे दिसते ते बघा. फरक जाणवेल, पण मुलगा एका उन्हाळ्यात त्याच्या पुढे जाईल. शिवाय बहुतेक स्टर्नड्राइव्हचा धूर प्रॉपेलरमधूनच बाहेर पडतो, त्यामुळे मागचं पाणी बुडबुड्यांनी मऊ होतं. वजन घालून हा दोष जात नाही.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण मुलं लवकरच विचारतील. या बोटीमागे वेकसर्फिंग, म्हणजे दोरी सोडून लाटेच्या जोरावरच फळीवर तरंगणं, अजिबात नको. सर्फिंगमध्ये मूल बोटीच्या अगदी जवळ असतं आणि स्टर्नड्राइव्हचा प्रॉपेलर बोटीच्या मागे उघडा फिरत असतो. वेकबोर्डिंगला मूल ६० फूट लांब असतं, तिथे हा धोका तसा नाही. व्होल्वो पेंटाने २०१५ मध्ये आणलेल्या फॉरवर्ड ड्राइव्हमध्ये प्रॉपेलर पुढे तोंड करून असतो, पण ती वेगळी गोष्ट आणि वेगळी किंमत.

तुमच्या पैशात मी २१ ते २२ फुटी, २००३ ते २०१० च्या दरम्यानची व्ही-ड्राइव्ह बघेन. मालिबू वेकसेटर व्हीएलएक्स, मास्टरक्राफ्टची एक्स-मालिका, सुपर एअर नॉटिक २१०, सुप्रा, मूम्बा, टीगे, सेंच्युरियन या सगळ्या याच कुळातल्या. व्ही-ड्राइव्ह म्हणजे इंजिन मागे, उलट्या तोंडाने बसवलेलं; शाफ्ट आधी पुढे येतो आणि गिअरबॉक्समधून वळून बोटीखालून मागे जातो. प्रॉपेलर आणि सुकाणू बुडाखाली झाकलेले राहतात, इंजिनाचं वजन लाट उठते तिथेच मिळतं आणि मधली जमीन मोकळी राहते. जुन्या डायरेक्ट-ड्राइव्ह स्की बोटी स्वस्त मिळतात आणि मोह होतो, कारण इंजिन, गिअर सगळं भक्कम असतं. पण त्यांचं बूड मुद्दाम लाट लहान उठावी म्हणून घडवलेलं आहे. एका स्कीवर वळणं घेत जाणाऱ्या स्लॅलमवाल्याला सपाट पाणी हवं असतं. इंजिन मधोमध असल्याने पिशव्यांनाही जागा नसते. करेक्ट क्राफ्टने १९९७ मध्ये टॉवरसकट सुपर एअर नॉटिक बाजारात आणली, तेव्हापासून वेकबोर्डिंगची बोट हा वेगळा प्रकार ठरत गेला. त्याआधीच्या बोटी तुमच्या कामासाठी सोडून द्या. नॉटिक जी२३ सारख्या नव्या बोटी जास्तीची एकही पिशवी न टाकता प्रचंड लाट देतात, कारण त्यांचं स्वतःचंच वजन खूप असतं आणि वजनासाठी पाणी भरायच्या टाक्याही मोठ्या असतात. तुमच्या बजेटमध्ये त्या बसत नाहीत, आणि १२ वर्षांच्या मुलीला ती लाट लागतही नाही.

बोट बघायला जाल तेव्हा गादीचा रंग नंतर बघा. इंजिन ऑइलची काठी काढा. तेल दुधी दिसलं तर इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पाणी शिरतंय. टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या गोठवणाऱ्या थंडीत पाणी न काढता ठेवलेल्या बोटींचे ब्लॉक फुटले, म्हणून त्या हिवाळ्यात बोट कुठे होती, इंजिनातलं पाणी कोणी काढलं होतं, हे सरळ विचारा. इंजिनाचे माउंट ज्या स्ट्रिंगरवर (बुडातल्या लांब आधारपट्ट्यांवर) बसलेत तिथले बोल्ट आवळून बघा; बोल्ट नुसते फिरत राहिले तर आतला आधार कुजलाय. शाफ्ट जिथून बाहेर जातो त्या सीलखाली हात फिरवा. व्ही-ड्राइव्हच्या गिअरचं तेल जळकट वास देतंय का बघा. हे सगळं एरवीही बघायला हवं, पण दोन-अडीच हजार पौंड पाणी टाकून चालवायच्या बोटीत यातलं काहीही कच्चं असेल तर पहिल्याच महिन्यात बाहेर येतं.

आता वजन. अमेरिकन गॅलन पाणी म्हणजे ८.३४ पौंड. ७५० पौंडांची पिशवी म्हणजे साधारण ९० गॅलन, ३४० लिटर. वर सांगितलेल्या बोटींत कंपनीच्या टाक्या बहुधा हजार पौंडांच्या आसपास असतात, एक मध्यभागी आणि दोन मागे, अशा रचनेत. क्षमतेची पाटी २० फुटांवरच्या बोटीला कायद्याने सक्तीची नाही, तरी बहुतेक कंपन्या लावतात. कंपनीच्या टाक्या त्या आकड्यात धरल्यात की वेगळ्या, हे त्या वर्षाच्या मॅन्युअलमध्ये बघा. समजा वेगळ्या धरल्यात, पाटी २,००० पौंडांची आहे, तुम्ही चौघं सामानासह ७५० पौंड, तर १,२५० पौंड जास्तीच्या पिशव्यांना उरतात. सामान जास्त असेल, किंवा मित्रांना घेऊन निघालात, तर पिशव्या तेवढ्या रिकाम्या ठेवायच्या. माणसं वाढली की पाणी कमी, हा हिशेब कधीही मोडू नका.

बोट जितकी खोल बसते तितकं जास्त पाणी ती बाजूला ढकलते आणि तितकी लाट उंच होते. उंची एकूण वजनातून येते, पण लाटेचा आकार ते वजन कुठे आहे यावर ठरतो. सगळं मागे टाकलं तर लाट उभी, आखूड आणि टोकदार होते, एकदम वर झटका देते. १५ वर्षांच्या मुलाला ती आवडेल, मुलीचे गुडघे छातीला लागतील. वजन पुढे सरकवलं की चढण लांब आणि सावकाश होते, लाटेचं अंग भरतं आणि चालवणाऱ्याला समोरचंही दिसतं. फार पुढे नेलं तर बोट पाण्यात नांगर धरल्यासारखी चालते, सुकाणू जड होतं, लाट बसते. व्ही-ड्राइव्हमध्ये एकूण पाण्यापैकी साधारण ६० टक्के मागे आणि ४० टक्के पुढे-मध्ये, इथून सुरुवात केलेली बहुतेक बोटींना चालते.

इंजिन आधीच मागे असल्याने पहिली जास्तीची पिशवी पुढे जावी, असं माझं स्पष्ट मत आहे. बरेच जण मागच्या दोन्ही कप्प्यांत ७५०-७५० च्या पिशव्या टाकतात, बोट चढत नाही म्हणून प्रॉपेलर बदलतात आणि तरीही लाट ढासळते म्हणून बोटीला दोष देतात. तुम्ही असं करा. पहिल्या दिवशी फक्त कंपनीच्या टाक्या भरा. दोरी ६५ फूट, वेग ताशी २१ मैल. कोणीही न ओढता सरळ जा आणि मोठ्या माणसाने मागे तोंड करून ६५ फुटांवरची लाट बघावी. मग नाळेतल्या सीटखाली किंवा पुढच्या मोकळ्या जागेत ४०० पौंड भरा, पुन्हा तीच फेरी. त्यानंतर मागच्या कप्प्यांत दोन्हीकडे २००-२००, पुन्हा फेरी. मग ४००-४००. म्हणजे जास्तीचे १,२०० पौंड झाले आणि टाक्या धरून २,२०० पौंड पाणी. या आकाराच्या बोटीत तुमच्या दोघांना यापुढे जाण्याची गरज दिसत नाही. मुलीसाठी टाक्या आणि पुढची पिशवी, म्हणजे सुमारे १,४०० पौंड, एवढंच ठेवा. तिची दोरी ५५ ते ६० फूट आणि वेग १८ ते २० मैल असू दे. मागच्या पिशव्या मुलाची पाळी आली की भरायच्या.

प्रत्येक फेरीत काय बघायचं? लाटेच्या चढणीवर नजर ठेवा. चांगल्या लाटेची चढण काचेसारखी गुळगुळीत असते आणि माथ्यावर फारतर बोटभर पांढरी किनार असते. माथ्यावरून फेस खाली उतरत चढणीच्या मध्यापर्यंत येत असेल तर लाट ढासळतेय. दोन्ही बाजूंना ढासळत असेल तर वेग अर्ध्या मैलाने वाढवा, पुन्हा अर्ध्याने. मुलांना झेपणाऱ्या वेगातही स्वच्छ होत नसेल तर मागचं पाणी कमी करा किंवा पुढचं वाढवा. एकाच बाजूला ढासळत असेल तर बोट कललेली आहे. ज्या बाजूची लाट फेसाळतेय त्या बाजूला थोडं वजन सरकवा. या बोटींत चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे बहुधा डावी लाट आधी बिघडते. एखादं मोठं माणूस डाव्या सीटवर गेलं तरी फरक डोळ्यांना दिसतो. सोबत २५ ते ५० पौंडांच्या शिशाच्या छोट्या पिशव्या ठेवल्यात तर हे बारीक काम सोपं होतं. मात्र त्या पट्ट्याने बांधलेल्या हव्यात, सुट्या नकोत.

वजन वाढलं की वेगही थोडा वाढवावा लागतो आणि दोरीही. मुलगा २,२०० पौंडांच्या लाटेवर ७० फुटांवर आणि २२ मैलांवर छान उडेल. इथे जीपीएसवरचा वेगनियंत्रक चैनीची वस्तू राहत नाही. जड बोटीत हाताने थ्रॉटल धरून वेग एका मैलाच्या आत ठेवता येत नाही, आणि एका मैलाने लाटेचा आकार बदलतो. मुलाला दर खेपेला वेगळी लाट मिळाली तर त्याची उडीची वेळ कधीच बसणार नाही. जुन्या बोटीत पाण्यातल्या चाकावर चालणारा जुना नियंत्रक असेल तर पर्फेक्टपासचं जीपीएसवर चालणारं मॉडेल बसवून घ्या. माझ्या दृष्टीने हा खर्च तिसऱ्या-चौथ्या पिशवीच्या आधी करायचा.

प्रॉपेलरचं थोडक्यात. पूर्ण वजन भरून थ्रॉटल शेवटपर्यंत दाबा आणि इंजिनाचे मिनिटाचे फेरे बघा. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेच्या खाली अडकत असतील तर इंजिन गुदमरतंय. प्रॉपेलरची पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जितकं पुढे जाईल ते अंतर, एक इंच कमी केली तर साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. एक्मी आणि ओजे या दोन्ही कंपन्या वजनाने चालणाऱ्या बोटींसाठी कमी पिचचे प्रॉपेलर बनवतात. बोटीचं मॉडेल, गिअरचं प्रमाण आणि किती पौंड टाकता ते सांगून मागवा. वरचा वेग घटेल, पण २२ मैलांवर चालवायच्या बोटीला त्याचं काय?

पिशव्या बसवताना सगळ्यात जास्त नुकसान कप्प्यांतच होतं. ७५० ची पिशवी साधारण २० बाय २० बाय ५० इंचांची असते आणि फुगली की ती तिथल्या प्रत्येक गोष्टीला ढकलते. मागच्या कप्प्याची आणि इंजिनाची मधली फळी वाकते, बॅटरीची पेटी सरकते, सुकाणूची केबल दाबली जाते, ब्लोअरचा, म्हणजे इंजिनाजवळची हवा बाहेर काढणाऱ्या पंख्याचा, पाइप चेपतो. पिशवी धुराच्या गरम पाइपला टेकली तर भोक पडतं आणि ३०० लिटर पाणी बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, येतं. म्हणून पहिल्यांदा भरताना झाकण उघडं ठेवून, टॉर्च घेऊन, कडेला उभं राहून बघा. त्या दिवशी पंप चालू करून पाण्यात उतरायचं नाही. हवा वर अडकली की पिशवी भरल्यासारखी दिसते पण वजन निम्मंच असतं, म्हणून हवेची नळी सगळ्यात उंच तोंडाला लावा. अर्धी भरलेली मोठी पिशवी वळणावर एका बाजूला जाते आणि बोट कलते. त्यापेक्षा लहान पिशवी पूर्ण भरलेली बरी. याच कारणासाठी तुम्हाला ७५० ऐवजी ४०० च्या पिशव्या सुचवतो.

पंप दोन प्रकारचे. तासाला ८०० गॅलनचा पंप ९० गॅलनची पिशवी कागदावर सात मिनिटांत भरतो, प्रत्यक्षात दहाएक धरा. तार बारीक असेल तर आणखी वेळ जातो, कारण पंपापर्यंत पुरेसे व्होल्ट पोचत नाहीत. सेंट्रिफ्यूगल पंप पाण्याच्या पातळीखाली बसवावा लागतो, नाहीतर हवा धरतो आणि नुसता घुमतो. रबरी इंपेलरचा (पात्यांच्या चाकाचा), दोन्ही दिशांनी चालणारा पंप भरतो आणि उपसतोही, पण कोरडा चालला तर इंपेलर फाटतो. पिशवी रिकामी झाली की लगेच बंद करा. बाहेरून पाणी येणाऱ्या नळीला झडप हवीच, नाहीतर बोट उभी असताना पाणी आपोआप आत ओढलं जाऊन पिशवी भरत राहते.

शिसं कायमचं ठेवून मोकळं व्हावं असं काही जण सुचवतील. तुमच्या गाडीची ओढण्याची मर्यादा आधी बघा. ३,५०० पौंडांची बोट, हजाराहून जड ट्रेलर, ४० गॅलन पेट्रोलचे २४० पौंड: ५,००० ला तुम्ही टेकलेलेच असता. त्यावर ५०० पौंड शिसं म्हणजे ब्रेक आणि टायर दोन्हींशी खेळ. आणि पाणी भरलेली बोट ट्रेलरवर कधीच चढवायची नाही. पाण्यात जे वजन सगळ्या बुडाला विभागून मिळतं ते ट्रेलरवर चार पट्ट्यांवर येतं.

जड बोट थांबवतानाही सवय बदलावी लागेल. थ्रॉटल एकदम बंद केला की आपलीच लाट मागून येते, नाळ खाली जाते आणि समोरून दुसऱ्या बोटीची लाट आली तर पाणी सरळ पुढच्या सीटवर. सावकाश थांबा, मूल पडलं तर वर्तुळ न मारता वेग कमी करून हळू वळा, आणि वजन भरलेलं असताना नाळेत माणसं बसवू नका. बिल्ज पंप आपोआप सुरू होतो का हे दर वेळी तपासा. बोटीच्या मागच्या, पाण्यात उतरायच्या फळीवर मुलं बसलेली असताना इंजिन बंदच हवं. कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही आणि तिथेच साचतो.

जागेचंही बघा. दहा फुटांपेक्षा उथळ पाण्यात तीच बोट, तेच वजन, तरी लाट मऊ होते. ट्रॅव्हिस खोल आहे, पण दुष्काळात पातळी बरीच उतरते, म्हणून खाडीत शिरण्याआधी खोलीमापक बघत जा. किनाऱ्यापासून आणि लोकांच्या धक्क्यांपासून भरपूर लांब राहा. मिनेसोटा विद्यापीठाच्या २०२२ च्या अभ्यासात सर्फिंगसाठी वजन भरून चालवलेल्या बोटींच्या लाटा साध्या बोटींच्या पातळीला यायला ५०० फुटांहून जास्त अंतर लागतं असं आढळलं. वेकबोर्डिंगच्या वेगाला लाट त्याहून लहान असते, तरी मी तेच अंतर धरायला सांगेन.

आणि परत येताना: ट्रॅव्हिसमध्ये २०१७ पासून झेब्रा शिंपले (बाहेरून येऊन तळ्यांत पसरणारे उपद्रवी शिंपले) आहेत. टेक्सासमध्ये तळ्यावरून निघताना बोटीतलं सगळं पाणी काढणं २०१४ पासून राज्यभर सक्तीचं आहे, आणि त्यात टाक्या आणि पिशव्याही येतात. पंपाने उपसलेल्या पिशवीत काही लिटर पाणी राहतंच, आणि शिंपल्याची पिल्लं डोळ्यांना न दिसण्याइतकी बारीक असतात. रॅम्पवर सगळे प्लग उघडा, पिशवी पंपाच्या विरुद्ध टोकाकडून गुंडाळत आणा आणि उरलेलं पाणी तिथेच सोडा. घरी पिशव्या बाहेर काढून, तोंडं उघडी ठेवून, सावलीत पूर्ण वाळवा. दुसऱ्या तळ्यावर त्या ओल्या नेऊ नका.